तंत्रप्रश्न : ‘मॉड्यूल वापरात आहे’, मग काढायचं कसं?

प्रश्न : लिनक्सवर ‘ब्लूटूथ’ हे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडता-काढता येणारा तुकडा) ‘आरएममॉड’ या आज्ञेने काढायला गेलं की ते वापरात असल्याचा संदेश येतो. सक्तीने काढावं का?

उत्तर : नको, आणि बहुधा जमणारही नाही. दुसरं मॉड्यूल त्यावर उभं असेल, तर कर्नल सक्तीचा पर्यायही धुडकावतो. मॉड्यूल किती जण वापरताहेत याची कर्नल मोजणी ठेवतो; सक्ती फक्त त्या मोजणीकडे काणाडोळा करते. तीही कर्नल बांधताना ती सोय चालू ठेवली असेल तरच. मग मोकळ्या झालेल्या मेमरीत कोणी हात घातला की यंत्र तिथेच कोसळू शकतं.

आधी चढवलेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या ‘एलएसमॉड’मधल्या ओळीचा शेवटचा भाग वाचा. तिथे वापराच्या मोजणीचा आकडा आणि त्यापुढे त्यावर उभ्या असलेल्या मॉड्यूलांची नावं असतात. ‘ब्लूटूथ’समोर सहसा ‘बीटीयूएसबी’, ‘आरएफकॉम’, ‘बीनेप’ अशी मंडळी दिसतात. आकडा नावांच्या संख्येपेक्षा मोठा असेल, तर उरलेली पकड मॉड्यूलांची नाही, सहसा एखाद्या चालू प्रोग्रामची असते. इथे तो प्रोग्राम बहुतेक वेळा ब्लूटूथ सेवेचा असतो. म्हणून पहिल्यांदा सेवा चालू-बंद करणाऱ्या ‘सिस्टमसीटीएल’ने ती सेवा थांबवा.

मग वरून खाली या, म्हणजे आधी वर उभी असलेली मॉड्यूलं काढा. मॉड्यूलं चढवणाऱ्या-काढणाऱ्या ‘मॉडप्रोब’ आज्ञेला ‘-आर’ (काढण्याचा पर्याय) देऊन ‘आरएफकॉम’, ‘बीनेप’ आणि ‘बीटीयूएसबी’ ही तीन नावं एकत्र द्या. त्यांच्याखालची, आता कोणालाच नको असलेली मॉड्यूलं तो स्वतःच काढतो. ‘आरएममॉड’ हे करत नाही. धाकधूक असेल तर आधी ‘-एन’ आणि ‘-व्ही’ जोडा : काय काढलं जाईल ते दिसतं, प्रत्यक्षात काही हलत नाही.

रीस्टार्टनंतर मॉड्यूल परत आलं तर नवल नाही. हार्डवेअर दिसलं की त्यावर लक्ष ठेवणारा यूडेव्ह हा प्रोग्राम ते चढवतो. ‘मॉडप्रोब.डी’ या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहिलेली ‘ब्लॅकलिस्ट’ ओळ एवढंच थांबवते. दुसऱ्या मॉड्यूलला गरज पडली की ते तरीही येतं. पक्का बंदोबस्त हवा तर तिथेच ‘इन्स्टॉल’ ओळीत मॉड्यूलच्या नावापुढे ‘/बिन/फॉल्स’ (काहीच न करता अपयश कळवणारी आज्ञा) लिहा. सुरुवातीच्याच टप्प्यात चढणाऱ्या मॉड्यूलसाठी इनिटरॅमएफएसही (यंत्र सुरू होताना आधी मेमरीत येणारा छोटा फाइलसंच) नव्याने बनवावं लागतं.

प्रश्न : दूरच्या सर्व्हरवर नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल काढून पुन्हा चढवायचं आहे. एसएसएचवरून (दूरच्या यंत्राला नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या जोडणीवरून) चालेल?

उत्तर : चालेल, पण काढणं आणि चढवणं एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम देऊन, आणि तेही टीमक्स या, जोडणी तुटली तरी आज्ञा चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या आत. नाहीतर पहिल्या आज्ञेलाच जोडणी तुटते आणि दुसरी द्यायला वाटच उरत नाही.