‘मतदारसंघा’ला सीमा असतात का?

प्रश्न असा आहे: ‘दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले’ असे आपण लिहितो. पण संघ माणसांचा असतो, जमिनीचा नव्हे. मग ‘मतदारसंघाच्या सीमा’ हा प्रयोग चुकीचा नाही का? हिंदीसारखे ‘निर्वाचन क्षेत्र’ म्हणावे का?

म्हणू नये. आपला शब्द अधिक नेमका आहे, आणि ब्रिटनचाच इतिहास त्याची साक्ष देतो.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांना १६०३ पासून संसदेत प्रतिनिधी होते. पुढे त्यांचे मतदार म्हणजे तिथले पदवीधर, मग ते राहायला कुठेही असोत. नकाशावर या मतदारसंघांची हद्द दाखवता येत नसे. १९४८ च्या कायद्याने ते रद्द केले आणि १९५० च्या निवडणुकीपासून ते उरले नाहीत. त्यांना ‘क्षेत्र’ कसे म्हणणार? आपल्याकडे विधान परिषदेचे ‘पदवीधर मतदारसंघ’ आणि ‘शिक्षक मतदारसंघ’ आहेत. त्यांना ठरावीक जिल्ह्यांची हद्द असते खरी, पण हद्दीत राहणारा प्रत्येक मतदार त्यांचा मतदार नसतो. इथे ‘संघ’ चपखल बसतो. बाकीच्या मतदारसंघांत तो संघ ‘अमुक हद्दीत राहणाऱ्यांचा’ असतो, म्हणून ‘मतदारसंघाच्या सीमा’ हेही बरोबरच. गावाची वेस म्हणतो, तेव्हा गाव म्हणजे माणसेही असतात आणि जमीनही.

आता लंडनमधले फिन्सबरी. खरा घोटाळा होतो तो या नावाने. १८३२ च्या सुधारणा कायद्याने झालेला फिन्सबरी मतदारसंघ अवाढव्य होता: क्लार्कनवेल, इझलिंग्टन, स्टोक न्यूइंग्टन, ब्लूम्सबरी असा पसारा, आणि प्रतिनिधी दोन. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वॅकली १८३५ ते १८५२ इथलेच खासदार होते. १८८५ च्या पुनर्रचनेत त्याचे तुकडे झाले. एकट्या इझलिंग्टनचे चार मतदारसंघ झाले आणि मुख्यतः क्लार्कनवेलचा भाग ‘फिन्सबरी मध्य’, म्हणजेच सेंट्रल फिन्सबरी, ठरला. याच छोट्या तुकड्यातून दादाभाई हुजूर पक्षाच्या पेन्टन यांना अवघ्या ५ मतांनी हरवून निवडून आले आणि १८९५ साली इथेच हरले. १९१८ मध्ये हा मतदारसंघ संपला आणि नुसत्या ‘फिन्सबरी’ नावाचा, एका जागेचा, नवा मतदारसंघ आला. १९५० मध्ये त्याचा ‘शोरडिच आणि फिन्सबरी’ झाला, आणि १९७४ पासून हे नाव ‘इझलिंग्टन साउथ आणि फिन्सबरी’मध्ये टिकून आहे. म्हणून ‘दादाभाई आणि वॅकली एकाच मतदारसंघाचे खासदार’ असे लिहिले तर ते चूक होईल. नाव तेच असले तरी मतदार निराळे आणि हद्दही निराळी. अशा वेळी नावापुढे काळ द्यावा: ‘फिन्सबरी (१८३२–१८८५)’.

‘सेंट्रल फिन्सबरी’ की ‘फिन्सबरी सेंट्रल’? दोन्ही रूढ आहेत. बोलताना आपण ‘दक्षिण मुंबई’ म्हणतो, निवडणुकीच्या कागदांवर ‘मुंबई दक्षिण’ असते, तसेच हे. यादी करताना मूळ नाव आधी घ्यावे, म्हणजे एकाच बरोचे (शहरी विभागाचे) सगळे तुकडे लागोपाठ येतात.

‘जागा’ हा मात्र ‘मतदारसंघ’चा पर्याय नव्हे. १८८५ पूर्वीचा फिन्सबरी मतदारसंघ एक होता, पण जागा दोन. लंडनच्या ‘सिटी’ला (शहराच्या जुन्या व्यापारी गाभ्याला) तर १९५० पर्यंत दोन जागा होत्या. भारतातही १९६१ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत द्विसदस्य मतदारसंघ होतेच. जुन्या निवडणुकांचे आकडे मांडताना हे दोन शब्द अदलून-बदलून वापरले की बेरीज हमखास चुकते. शिवाय अशा ठिकाणी मतदाराला दोन मते असत, त्यामुळे एकूण मते म्हणजे मतदान केलेल्यांची संख्या असे धरता येत नाही.

सीमा बदलण्याच्या कामाला ‘परिसीमन’ हा शब्द आता कानावर येतो. त्यापेक्षा ‘पुनर्रचना’ बरा वाटतो, कारण १८८५ साली नुसत्या रेघा सरकल्या नाहीत, जागांची वाटणीही बदलली. फक्त रेघ हलली असेल तिथे ‘हद्द बदलली’ एवढे पुरे.

आणि लिहिताना ‘मतदारसंघ’ जोडूनच लिहावा. ‘मतदार संघ’ असे तोडले की मतदारांनी काढलेल्या एखाद्या संघटनेचे नाव वाटते.