भिंतीला मॅट की ग्लॉसी?

प्रश्न : कोथरूडला आमचा जुना 2 बीएचके आहे, दिवाळीआधी रंग द्यायचाय. पेंटर म्हणतो सगळीकडे ग्लॉसीच मारा, पुसता येतो. मारू का?

उत्तर : ताई, सगळीकडे नको हो! जुनी भिंत कधी सपाट नसते आणि चकचकीत रंगावर खिडकीतून तिरपा उजेड आला की पुट्टीचा एकेक उंचवटा उठून दिसतो, आमच्या हॉलमध्ये मी रोज संध्याकाळी तेच बघत बसतो, म्हणून हॉल-बेडरूमला मॅट (बिनचमकीचा), सिलिंगला तर मॅटच. पण मॅटवर पोरांचे तेलकट हात घासून पुसलेत की तेवढाच पॅच चमकतो, तेव्हा पॅसेज आणि किचनला सॅटिन (मॅट आणि ग्लॉसीच्या मधला, हलक्या चमकीचा) घ्या. आणि पावसाळ्यात ओल आलेली भिंत आधी नीट वाळू द्या, नाहीतर फिनिश कुठलाही असो, पोपडे निघणारच.