बाहुल्या कपाटातून काढ

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. तुझ्या अंगणवाडीत चार वर्षांचा मुलगा बाहुलीला छातीशी धरून पाजत होता, वडिलांनी ते दारातून पाहिलं, 'पोराला बायकी करताय' म्हणाले, आणि तू बाहुल्या कपाटात ठेवल्यास. वर मलाच विचारतेस, बरोबर केलं का? काढ त्या बाहेर. उद्याच.

त्याच्या घरी पाळणा हलतोय, हे तूच लिहिलंयस. मग त्याने दुसरं काय खेळावं? ज्या कामापायी आईला त्याच्याकडे बघायला सवड नाही, ते काम तो करून बघतोय. मला जास्त खटकलं ते तुझं 'अरे, बाटलीने पाज' म्हणणं. खेळात तोंड घालायचं नाही.

गप्प बसून बघ एकदा. पोरं पाय पसरून बसतात, बाहुलीला नडग्यांवर पालथी घालतात, पाण्यात आधी स्वतःचा हात बुडवतात, टाळूवर तेल थापतात, शेवटी मीठ-मोहरी ओवाळतात. एखादी ओरडते, "अगं मान सांभाळ, अजून मान धरली नाही तिनं!" कुठल्या तक्त्यावरून शिकली ती हे? मान धरणं, पालथं पडणं, उष्टावण, रांगणं, सगळं ओळीने येतं. कधी मात्र बारशाचं 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' आटोपलं की बाळाच्या पाठीला दप्तरच. मध्येच कुणीतरी बाळाला वजनकाट्याच्या झोळीत घालतं आणि दरडावतं, "वजन भरलं नाही, खायला घाला!" ती तुझी नक्कल असते बरं का, आवाजासकट.

चुकतातही. वाढदिवसाला केक कापला म्हणून मूल मोठं होतं, असं या वयात बऱ्याच मुलांना खरंच वाटतं. लगेच सुधारायला धावू नकोस. शेजारचं पोर म्हणतंच, "पण जेवलाच नाही तर कसा मोठा होईल?" मग जुंपते. जुंपू दे. तोंड घालायचं नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने खेळावरच्या 1933 च्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलंय. त्या 'बहीण-बहीण' खेळत होत्या. एरवी त्या बहिणी होत्याच, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं ते पाळणं आलं. तुझ्या पोराचंही तेच. घरी धाकट्याला चिमटे काढत असेल, पण बाहुली मांडीवर आली की हळूच धरावं लागतं. नाहीतर बाकीची पोरं त्याला आई होऊ देतील का?

बाहुलीला बदडणाऱ्या मुलीबद्दल विचारलंयस. तिलाही अडवू नकोस. रोज तेच आणि तसंच चाललं, तर मात्र तिच्या घरी जाऊन ये, तिच्या आईशी बोल. ते काम तुझं. खेळ तिचा.

माझ्या मॉंटेसोरीवाल्या मैत्रिणी म्हणायच्या, लुटुपुटीचं कशाला, खरंच काम द्या. द्यावं की! मटार सोलू द्यावेत, रोपांना पाणी घालू द्यावं. पण खरं बाळ कोण देणार आहे चार वर्षांच्या हातात? म्हणून बाहुली. तीही चिंध्यांची चालेल, आणि झोळीला जुनं लुगडं. 1945 नंतर बोर्डीला मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुझ्या बाहुल्यांच्या कोपऱ्यातही मुलांचंच घर दिसू दे, गुलाबी प्लॅस्टिकचं स्वयंपाकघर नको.

माझ्या वर्गाला 'गोंधळ' असा शेरा मिळायचा. मी हट्टी आहे असंही म्हणत. म्हणोत. पाठ केलेल्या कविता मुलं महिन्यात विसरायची, बाळाची मान मात्र कुणी कधी विसरलं नाही. खंत एवढीच की त्यांची बोलणी लिहून ठेवली नाहीत. रजिस्टरं भरण्यात वर्षं गेली. तू लिही. पर्यवेक्षिकांनी 'काय शिकवलं' विचारलं तर तीच वही पुढे कर.

आणि त्या वडिलांना एकदा सकाळी बोलाव. भाषण देऊ नकोस. कोपऱ्याजवळ सतरंजीवर बसव आणि चहा दे. पोरगं बाहुली त्यांच्याच मांडीवर आणून देईल, बघ. तेव्हाही तोंड घालायचं नाही.

तुझी,
बाई