अंगणातला सरडा, घरातला साप

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाला राहतो. मुलाने पाळलेलं कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू उंदराच्या गुलाबी पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही. अंगणातले तपकिरी अनोल सरडे पकडून घालू का?

उत्तर : अंगणातले अजिबात नकोत! निसर्गात या सापाची पिल्लं सरडे खातातच, तेव्हा त्याला हट्टी म्हणू नका. पण फ्लोरिडात बर्मी अजगरांबरोबर आलेला एक परजीवी, रेलिएटिएला ओरिएंटॅलिस, सरड्यांमार्फत सापाच्या फुप्फुसात ठाण मांडतो. बहुतेकदा सरड्याचा नुसता वास पुरतो. गोठवलेला अनोल विकत आणा, पूर्ण वितळू द्या आणि कोमट केलेल्या उंदराच्या पिल्लाच्या नाकाडावर चोळा. संध्याकाळी ते सापाच्या डब्यात ठेवून दिवा मालवा. मुलाला दर पाच मिनिटांनी झाकण उघडू देऊ नका. खरी अडचण तिथेच असते. वजन घटू लागलं तर मात्र थेट पशुवैद्याकडे.