ताप नसलेली वही

काकू आल्या त्या हातात वही घेऊनच. सोबत सून होती. वहीत चार महिन्यांचा ताप मांडलेला होता, दिवसातून चार वेळा. एकाही रकान्यात ताप नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एकाहत्तराव्या वर्षी काकूंना नागीण झाली आणि 'माझी प्रतिकारशक्ती संपली' असं त्यांच्या मनाने घेतलं. मैत्रिणींकडे जाणं थांबलं, फिरणं थांबलं. नातू शाळेतून आला की दाराबाहेर उभा राहूनच आजीशी बोलायचा. सून हे सांगत असताना काकूंचे डोळे भरून आले.

वय झालं की अशी भीती घेऊन बरीच मंडळी येतात. 'काही होत नाही हो' म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. वयानुसार प्रतिकारशक्ती उतरते, हे खरंच आहे. पण उतरते म्हणजे नेमकं काय होतं, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. वयात आल्यापासूनच ती आक्रसू लागते आणि तिची जागा चरबी घेते. त्यामुळे अनोळखी जंतूंना ओळखणाऱ्या नव्या पेशी म्हातारपणी कमी मिळतात. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी मात्र बऱ्याच टिकून असतात, फक्त त्यांचा पहारा थोडा सैल पडतो.

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?" मी विचारलं.

"हो, पहिलीत असताना."

"तोच विषाणू मज्जातंतूंत दडून होता. नागीण त्याचीच."

"म्हणजे नातवाकडून नाही आली?"

"नाही काकू. आणि तुमच्याच शरीराने त्याला साठ-पासष्ट वर्षं दाबून ठेवलं होतं."

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

पुढचं सांगावं की नाही, याचा मी विचार केला. उतारवयात गंभीर संसर्ग होऊनही कधी कधी ताप येतच नाही. म्हणजे ज्या थर्मामीटरवर काकूंची सगळी भिस्त होती, तोच त्यांना फसवू शकत होता. भीती वाढेल असं वाटलं, तरी सांगितलं, सुनेच्या समोरच. अचानक बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, जेवणावरची वासना उडणं, धाप लागणं, एकाएकी गळून जाणं: यातलं काही दिसलं तर ताप नसला तरी लगेच डॉक्टर गाठायचे. आश्चर्य म्हणजे काकू सैलावल्या. काय बघायचं ते कळलं होतं, आणि बघणारं आणखी कुणी होतं.

लशींचं डॉक्टरांना विचारा म्हटलं: फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, आणि नागिणीची दोन डोसांची. नागीण होऊन गेली तरी ती घेता येते. म्हातारपणी लशीला शरीराचा प्रतिसाद थोडा कमी मिळतो, पण गंभीर आजारापासून मिळणारं संरक्षण मोलाचं असतं. रोज चालणं, पुरेशी प्रथिनं आणि झोप यांवर फार बोलावं लागलं नाही. मैत्रिणींकडे जाण्यावर मात्र मी अडून बसले.

तिसऱ्या भेटीत काकूंनी वही आणली नव्हती. ताप अजून मोजतात, रात्री एकदा. मी ते मोजणं बंद करायला सांगितलं नाही. नातवाला त्या आठवड्यात सर्दी होती. दोघं मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून पत्ते खेळले होते.