चांगली पिसं गळतात, कापलेली का नाहीत?

प्रश्न : बाजारातून कबुतरांची जोडी आणली. विकणाऱ्याने नराच्या उजव्या पंखाची टोकाकडची सात मोठी पिसं कात्रीने कापली होती. दोन महिने झाले, ती तसूभर वाढली नाहीत. उलट त्याच पंखातली चांगली तीन एकेक करून गळाली. मेव्हणा म्हणतो, खुंट उपटा, नवीन लगेच येतील. उपटू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : उपटू नका. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा, पण कबूतर त्यांच्या हाती देऊ नका.

तीन चांगली पिसं गळाली हे वाचून मला तर हायसं वाटलं. कबुतराच्या पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं असतात, आपला पंजा असतो त्या जागी. ती गळतात ठरलेल्या क्रमाने : मनगटाजवळचं पहिलं, मग दुसरं, असं टोकापर्यंत. साधारण अडीच-तीन आठवड्यांना एक. तुमच्या नराची शाबूत तीन आतली होती, म्हणून ती आधी गेली. आता पाळी कापलेल्यांची. खुंट एकेक करून पडतील, त्या जागी अख्खं पीस येईल. अजून चार-साडेचार महिने धरून चाला.

कापलेलं वाढत नाही, कारण पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं. फरक एवढाच की नख मुळातून पुढे सरकत राहतं. पीस एकदा तयार झालं की संपलं.

कोल्हापुरात आमच्या माळ्यावर चुलत्यांची ढाबळ होती. गळालेली पिसं गोळा करून पत्र्याच्या डब्यात ठेवणं हे माझं काम. पीस हातात घेतलं की चुलते सांगायचे, ‘हे डावीकडचं, टोकाचं.’ मला जादू वाटायची. नंतर कळलं, टोकाच्या पिसाची एक बाजू अगदी अरुंद असते, दुसरी रुंद. अरुंद बाजू वाऱ्याला सामोरी. ती ओळखली की डावं-उजवं कळतं. करून बघा, तुमच्याकडे तीन आहेतच.

याच चुलत्यांनी एकदा घाईने एका मादीचे खुंट उपटले. मेव्हणे अगदीच चूक नाहीत, दीड महिन्यात पिसं आली. पण ही पिसं थेट हाडाशी बांधलेली असतात. उपटताना ती मादी कशी थरथरली ते आठवतं. मूळ दुखावलं होतं. एक पीस वाकडं आलं आणि पुढे दरवर्षी वाकडंच येत राहिलं.

शिवाय उगवतं पीस निळसर नळीत असतं आणि त्यात रक्त खेळतं. सातही एकदम उगवली तर आधाराला शेजारी मोठं पीस नाही. खुराड्याच्या जाळीवर आपटून नळी मोडते. मोडलीच तर स्वच्छ कापूस दाबून धरा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

ज्वारी-बाजरीबरोबर मटकी, मूग, हरभरा वाढवा. पीस जवळपास सगळं प्रथिनांचंच असतं. परातीत अंघोळीचं पाणी ठेवा. आणि टोकाचं पीस पूर्ण लांब होईपर्यंत गच्चीवर सोडू नका. एका बाजूने कापलेलं कबूतर झेप घेताना त्याच बाजूला कलंडतं, आणि खाली मांजर असतंच.