बारीक माणसाला साखर कशी?

प्रश्न : वय ४६, वजन ५८ किलो. पाचोऱ्याला जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४ टक्के आली. थोडं पोट सोडलं तर मी काटकुळाच. मग मधुमेह कसा?

उत्तर : भाऊ, ते ‘थोडं पोट’च खरं दुखणं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं शेजारी-शेजारी छापली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा २२.३; शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातपाय बारीक राहतात, चरबी पोटात नि यकृतात साठते. त्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, हृदयालाही धोका होतो. माझे वडीलही असेच बारीक होते. म्हणून माझ्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप टांगलेली असते.

श्वास सोडून पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवं. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली बसते. कळण्याची भाकरी खुशाल खा, शेवभाजीवरची तर्री काढून ठेवा. तंबाखू असेल तर आजच बंद. रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.